फ्रान्झ मार्कच्या ‘वाघ’ या चित्रात नेमकं पाहायचं काय?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. पहिला: म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयातलं जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कचं ‘वाघ’ हे चित्र तुम्ही एका पुस्तकात पाहिलंत. वाघ धड वाघासारखा नाही, रंग भडक, मागे नुसते त्रिकोण-चौकोन, मग यात पाहायचं काय? दुसरा: ऑनलाइन मिळणारे सिंह-वाघांचे रंगीबेरंगी पोस्टर आणि हे चित्र यांत फरक तो काय? आणि जाता जाता टाकलेला तिसरा, असल्या चित्रांना कोट्यवधी रुपये कसे पडतात? तिसऱ्याचं शेवटी बघू. तो चित्राचा प्रश्नच नाही.

मी चित्रकलेचे क्लास घेतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलांना वाघ काढायला सांगितला की सगळ्यांचा हात आधी ऑरेंज आणि यलो ऑकरच्या बाटलीकडे जातो. मग पट्टे, सगळे एका जाडीचे, रस्त्यावरच्या झेब्रा क्रॉसिंगसारखे. मागे हिरवं गवत, वर निळं आभाळ. वाघ ओळखू येतो, काम संपलं. यात मुलांची चूक नाही, आपण त्यांना ‘वस्तू ओळखू आली पाहिजे’ हेच शिकवतो. मार्कच्या वाघापाशी अडखळायला होतं ते याच सवयीमुळे. ओळख पटते, पण ती पटवून देणं हे त्या चित्राचं काम नाहीच.

चित्र 1912 चं, तैलरंगातलं. सुमारे 111 सेंमी उंच आणि 101 सेंमी रुंद, म्हणजे जवळजवळ चौरस. पुस्तकात ते हाताच्या पंजाएवढं छापतात, म्हणून अंदाज येत नाही. प्रत्यक्षात समोर उभं राहिलं की वाघ आपल्या छातीच्या उंचीला येतो. तो धावत नाही, डरकाळी फोडत नाही, कुणाला खात नाही. अंग आखडून बसलाय आणि मान वळवून बघतोय. काहीतरी हललं असावं. अख्ख्या चित्रात घडतं ते एवढंच.

आता हे करून बघा. पुस्तकातल्या चित्रावर अंगठा ठेवून वाघाचं फक्त तोंड झाका. उरलेलं अंग लगेच विरघळायला लागतं. पिवळे आणि काळे तुकडे, त्यांच्या बाजूला लाल, जांभळे, हिरवे, निळे तुकडे. कुठला तुकडा वाघाचा आणि कुठला झाडाझुडपांचा हे सांगता येत नाही. अंगठा काढा, डोळ्याची ती तिरकी फट दिसली की सगळे पिवळे तुकडे एकदम जनावराच्या मालकीचे होतात. जंगलात वाघ दिसतो तो असाच. ताडोब्याला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. गाइड बोट दाखवत असतो, आपण झुडपाकडे डोळे ताणून बघत असतो, काही दिसत नाही. आणि मग कान किंवा डोळा सापडतो आणि मागचं सगळं झुडूप वाघ होतं. मार्कने मागचे त्रिकोण-चौकोन वाघाच्या अंगासारखेच का केले, याचं माझ्या मते हेच उत्तर आहे. वाघ आणि रान एकाच मातीचे केलेत.

पट्ट्यांकडे जरा जवळून बघा. पट्टे आहेत, पण अंग रंगवून झाल्यावर वरून ओढलेले नाहीत. काळी पट्टी जिथे आहे तिथे अंगाची एक बाजू संपते आणि दुसरी वळते. म्हणजे पट्टा हीच घडी, पट्टा हीच सावली आणि पट्टा हीच बाह्यरेषा. एका काळ्या रंगाकडून तीन कामं करून घेतलीत. हे ज्याला जनावराचा सांगाडा पाठ नाही त्याला जमत नाही. ‘असं तर लहान मूलही काढेल’ हे वाक्य या चित्राबद्दल नेहमी ऐकू येतं, म्हणून सांगतो: मार्कने बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात बसून प्राण्यांचा अभ्यास केला होता आणि पोटासाठी काही काळ प्राण्यांच्या शरीररचनेच्या शिकवण्याही घेतल्या होत्या. वडील विल्हेल्म मार्क हेही चित्रकार, आणि त्याचं स्वतःचं पारंपरिक पद्धतीचं शिक्षण म्युनिकच्या अकादमीत झालेलं. मोडायचं काय हे माहीत असलेला माणूस मोडतोय.

रंगांचा मुद्दा आला की इंटरनेटवरच्या दहापैकी नऊ लेखांत एकच तक्ता चिकटवलेला सापडेल. निळा म्हणजे पुरुषतत्त्व, कठोर आणि आध्यात्मिक; पिवळा म्हणजे स्त्रीतत्त्व, कोमल, आनंदी, इंद्रियांना सुखावणारा; लाल म्हणजे जडद्रव्य, राकट आणि वजनदार, ज्याच्याशी बाकीच्या दोघांनी झुंजायचं. तक्ता खोटा नाही. डिसेंबर 1910 मध्ये मार्कने आपला चित्रकार मित्र आउगुस्ट माके याला लिहिलेल्या पत्रात हे आहे. पण हा तक्ता घेऊन वाघाच्या समोर उभे राहा. पिवळा कोमल आणि आनंदी? हा वाघ? कुठल्याही कोनातून बघितलं तरी हे जनावर आनंदी दिसत नाही. तेव्हा किल्ली घेऊन कुलूप उघडावं तसा तो तक्ता वापरू नका. मला तर वाटतं त्या तक्त्याने मार्कच्या चित्रांचं नुकसानच जास्त केलंय. लोक आधी तक्ता वाचतात, मग निळा घोडा बघून ‘अच्छा, आध्यात्मिक’ म्हणतात आणि पुढच्या चित्राकडे जातात.

त्याच पत्रातला पुढचा भाग मात्र सहसा कुणी चिकटवत नाही, आणि उपयोगाचा तो आहे. तिथे मार्क एकेका रंगाचा अर्थ सोडून रंगांच्या भांडणाबद्दल बोलतो. गंभीर निळ्यात लाल मिसळलात तर निळ्याचं दुःख असह्य होईपर्यंत वाढतं, आणि मग त्या जांभळ्याला सावरायला पिवळा लागतोच. हे आपल्या रंगचक्रातलं साधं विरोधी रंगाचं गणित आहे, जे शाळेत सातवी-आठवीला शिकवतात: पिवळ्यासमोर जांभळा. आता पुन्हा वाघाकडे बघा. पिवळ्याच्या शेजारी जांभळे तुकडे आहेत. पिवळा इतका पेटलेला दिसतो त्याचं निम्मं श्रेय त्या शेजाऱ्यांना आहे. मोबाइलवर चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, पिवळे भाग सगळ्यांत उजळ राहतात आणि वाघ तसाच पुढे येतो. म्हणजे रंग काढून घेतला तरी चित्राचा सांगाडा उभा राहतो. भडक चित्र आणि चांगलं भडक चित्र यांतला फरक ओळखायची ही माझी नेहमीची चाचणी आहे.

हे त्याला आपोआप साधलं असं नाही. 1911 च्या सुरुवातीला तो आपल्या रुसी नावाच्या कुत्र्याचं चित्र काढत होता, बर्फात निजलेला कुत्रा. ते चित्र आज फ्रँकफुर्टच्या श्टेडल संग्रहालयात आहे. सुरुवातीला त्याने कुत्रा नेहमीसारखा पांढुरका-पिवळट रंगवला. मग त्याने लोलक घेतला, आपण शाळेत पदार्थविज्ञानात वापरतो तोच काचेचा त्रिकोणी लोलक, आणि त्यातून आपलं चित्र बघितलं. रंग जिथे मळकट होते तिथे कडांना रंगीत झालरी दिसू लागल्या. तो कुत्र्याचा पिवळा थोडा शुद्ध करी, पुन्हा लोलकातून बघे. पिवळा शुद्ध होत गेला तशा झालरी कमी होत गेल्या. कुत्र्याचा पिवळा, बर्फाचा थंड पांढरा आणि त्यातला निळा यांचं नातं जमेपर्यंत हे चाललं. मारियाला (ती पुढे त्याची बायको झाली) लिहिलेल्या पत्रात त्याने हे सगळं सांगितलंय. भावनेच्या भरात ब्रश फटकारणारा कलाकार, असं एक्सप्रेशनिस्ट म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, त्यात हा लोलकवाला माणूस कुठे बसतो? त्याच्या चित्रातली आग मोजूनमापून लावलेली आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘खरा वाघ नारिंगी असतो, असा लिंबासारखा पिवळा नाही.’ इथे थोडं थांबू, कारण यात एक गंमत आहे. खरा म्हणजे कुणाच्या डोळ्यांना? हरणांच्या वर्गातल्या प्राण्यांना आपल्यासारखी डोळ्यांत तीन प्रकारच्या रंगपेशी नसतात, दोनच असतात. लाल-नारिंगी आणि हिरवा यांत त्यांना फरक करता येत नाही. चितळ आणि सांबर यांच्या लेखी वाघ हा गवताच्याच रंगाचा प्राणी आहे. म्हणून तर एवढं भडक अंग घेऊन तो त्यांच्या जवळ पोचतो. नारिंगी वाघ हा माणसाच्या (आणि माकडांच्या) डोळ्यांतला वाघ. मार्कला हे शास्त्र माहीत असण्याचं कारण नाही, पण प्रश्न नेमका हाच त्याला पडला होता. घोड्याला जग कसं दिसत असेल? गरुडाला, हरणाला, कुत्र्याला? असं त्याने लिहून ठेवलंय. प्राणी आपल्या डोळ्यांना दिसतो त्या निसर्गदृश्यात नेऊन ठेवायचा आणि त्याच्या आत शिरायचं नाही, या रूढ पद्धतीला तो दरिद्री म्हणत असे. मग वाघ ज्या जगात वावरतो ते जग त्याच्या स्नायूंसारखंच टोकदार, ताणलेलं दाखवायचं, हा त्याचा मार्ग. तो यशस्वी झाला का, यावर वाद घालता येईल. शेवटी रंगवणारा माणूसच होता, वाघाला कुणी विचारलेलं नाही.

टोकदार आकारांचं मूळ क्यूबिझममध्ये, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत फोडून दाखवणाऱ्या शैलीत, आहे हे तुम्हाला पुस्तकात मिळेलच. एवढंच जोडतो की पॅरिसच्या क्यूबिस्टांनी त्या काळात टेबलं, गिटारी, बाटल्या करड्या-तपकिरी रंगात फोडल्या. मार्कने तीच हत्यारं घेऊन जिवंत जनावर फोडलं, आणि तेही रंगात. ऑक्टोबर 1912 मध्ये तो माकेबरोबर पॅरिसला रोबेर दलोने या फ्रेंच चित्रकाराला भेटला. त्यानंतरच्या ‘कोल्हे’ (1913) या चित्रात तुकडे काचेसारखे होतात, दोन लाल कोल्ह्यांची तोंडं एकमेकांतून आरपार जातात. वाघात अजून अंगाला वजन आहे. मला वाघ जास्त आवडतो, कोल्ह्यांत चित्रकाराचं कसब आधी दिसतं आणि कोल्हे नंतर.

आता पोस्टरांचं. ते मी कमी लेखत नाही, माझ्याच क्लासच्या भिंतीवर एका पालकांनी दिलेला सप्तरंगी सिंह आहे. पण तो जवळून बघितला की कळतं: खाली फोटोवरून घेतलेला सिंहाचा चेहरा आहे, अचूक, समोरून, आपल्याकडे बघणारा. त्यावर रंग ओतलाय. आयाळीत गुलाबी, नाकावर निळा, गालावर हिरवा. यातला निळा आणि हिरवा अदलाबदल केला तर? काहीच बिघडत नाही. सगळे रंग सारख्याच आवाजात ओरडतात, त्यामुळे कुणाचंच ऐकू येत नाही. मार्कच्या वाघातला पिवळा काढून तिथे गुलाबी घाला, चित्र कोसळतं. दुसरा फरक नजरेचा. पोस्टरमधला सिंह आपल्यासाठी पोझ देऊन बसलाय. मार्कची जनावरं सहसा आपल्याकडे बघत नाहीत. घोडा आपल्याकडे पाठ करून दूरचा डोंगर बघत असतो, हरणं झाडीत निजलेली असतात, वाघ दुसऱ्याच कशाचा तरी कानोसा घेतोय. आपण तिथे आहोत याची त्याला पर्वा नाही. दिवाणखान्यात लावायला पोस्टरच बरा, पाहुण्यांकडे बघत तरी बसतो.

या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध? थोडा आहे. मार्क आणि रशियन चित्रकार कांडिन्स्की यांनी 1911 मध्ये म्युनिकला ‘ब्लाउअर रायटर’ म्हणजे ‘निळा स्वार’ हा गट उभा केला. पुढे नाझींच्या काळात मध्य युरोपातून परागंदा झालेली, ही आधुनिक कला माहीत असलेली काही माणसं मुंबईत आली. ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक झाला, रूडी फॉन लायडन हा जर्मन समीक्षक म्हणून लिहू लागला. लँगहॅमरच्या नेपियन सी रोडवरच्या घरी तरुण चित्रकारांचा राबता असे. रझा, हुसेन, आरा, आपले गाडे, बाकरे आणि गोव्याचे सूझा यांनी 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांच्यामागे या मंडळींचं पाठबळ होतं. हुसेनच्या घोड्यांत मार्कचे घोडे शोधणारे समीक्षक आहेत. नातं आहे, पण लांबचं. हुसेनचा घोडा उधळलेला असतो, मार्कचा मान खाली घालून विचारात पडलेला.

वाघानंतर एकच चित्र बघणार असाल तर ‘प्राण्यांची नियती’ (1913) बघा, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संग्रहालयात आहे. जवळपास दोन मीटर उंच आणि अडीच मीटरहून रुंद. रान कोसळतंय, मधोमध एक निळं हरिण मान वर फेकून उभं आहे आणि झाड त्याच्या अंगावर येतंय. कॅनव्हासच्या मागे मार्कने लिहिलंय की सारं अस्तित्व म्हणजे धगधगतं दुःख. वर्षभरात महायुद्ध सुरू झालं, मार्क स्वतः उत्साहाने सैन्यात गेला. 1915 मध्ये आघाडीवर असताना बर्नहार्ड कोलर या त्याच्या आश्रयदात्याने याच चित्राचं पोस्टकार्ड त्याला पाठवलं. (हा कोलर म्हणजे माकेच्या बायकोचा काका, 1910 पासून तो मार्कला दरमहा 200 जर्मन मार्क (तिथलं चलन) देई, बदल्यात चित्रं घेई. म्युनिकचा वाघही त्याच्याच संग्रहातला.) कार्ड बघून मार्कने मारियाला कळवलं की हे या युद्धाची चाहूल लागल्यासारखं आहे, भयंकर आणि हादरवणारं, हे मी काढलंय यावर विश्वास बसत नाही. 4 मार्च 1916 ला फ्रान्समधल्या व्हर्दंजवळ तोफगोळ्याचा तुकडा लागून तो गेला. वय 36. नामवंत कलावंतांना आघाडीवरून मागे बोलावण्याच्या यादीत त्याचं नाव आलं होतं, हुकूम पोचला नव्हता.

त्यानंतर ‘प्राण्यांची नियती’ हे चित्र गोदामातल्या आगीत उजवीकडून जळालं. मार्कचा चित्रकार मित्र पाउल क्ले याने जुन्या फोटोंवरून जळका भाग पुन्हा रंगवला. पण त्याने मार्कच्या रंगांची नक्कल केली नाही. आकार दिले, आणि रंग मुद्दाम मंद, तपकिरी ठेवला. चित्राचा उजवा तिसरा हिस्सा आजही धुराने माखल्यासारखा वेगळा दिसतो. मुलांना रंगाचं महत्त्व शिकवायला मी हेच चित्र दाखवतो: डावीकडे मार्क, उजवीकडे आकार तेच, पण रंगाविना.

राहिला पैशांचा प्रश्न. मघाशी सांगितलेले ‘कोल्हे’ मार्च 2022 मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात 4 कोटी 26 लाख पौंडांना गेले. त्यामागची गोष्ट अशी की ते चित्र कुर्ट ग्रावी या ज्यू बँकरचं होतं. 1938 मध्ये त्याला छळछावणीत टाकलं, सुटल्यावर तो चिलीला पळाला आणि जगण्यासाठी 1940 मध्ये न्यूयॉर्कला चित्र विकावं लागलं. पुढे ते ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात आलं. बऱ्याच वादानंतर ते वारसांना परत मिळालं आणि त्यांनी विकलं. मार्क 36 व्या वर्षी गेला, चित्रं मोजकी, त्यातली बरीचशी संग्रहालयांत अडकलेली, आणि काही कायमची गेलेली. नाझींनी त्याची सुमारे 130 कामं ‘विकृत’ म्हणून संग्रहालयांतून काढून घेतली. ‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ 1937 च्या विकृत कलेच्या प्रदर्शनात टांगला, तेव्हा युद्धात पडलेल्या सैनिकाचा हा अपमान आहे म्हणून माजी अधिकाऱ्यांच्याच संघटनेने तक्रार केली, तो उतरवला आणि नाझी नेता गोरिंगने स्वतःकडे नेला. 1945 पासून त्याचा पत्ता नाही. जिथे माल एवढा कमी आणि घेणारे श्रीमंत, तिथे भाव चढणारच. त्यावरून चित्र चांगलं की वाईट हे ठरवू नका, दोन्ही बाजूंनी.

वाघ मात्र विक्रीला येण्याची शक्यता नाही, कोलरच्या संग्रहातून 1965 मध्ये तो लेनबाखहाउसला भेट मिळालाय. पुस्तकातला छापील पिवळा बहुतेक वेळा नारिंगीकडे झुकलेला असतो, त्यामुळे निदान संग्रहालयाच्या वेबसाइटवरचा फोटो मोठा करून बघा. आणि म्युनिकला जाणं झालं तर सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.